वर्णता आकृती

वर्णता आकृती : डोळ्यांना दिसणारे रंग, त्यांची तेजस्विता वगळून, एका प्रतलावर बिंदुरूपाने दाखविणारी आकृती. संगणकाच्या पडद्यावर कोणता रंग उमटू शकेल, हे हिच्यावरून ठरविता येते. भिवंडीसारख्या (जि. ठाणे) यंत्रमागाच्या केंद्रात कापडाची छटा पडद्यावरील चित्रावरून पसंत करावयाची म्हटली, की हा प्रश्न व्यवहारात उभा राहतो.

न्यूटन यांनी ‘ऑप्टिक्स’ (१७०४) या ग्रंथात रंग वर्तुळावर मांडले होते. मॅक्सवेल यांनी १८६० च्या सुमारास तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या प्रमाणांवरून त्रिकोण रचला. मात्र कोणतेही तीन प्रकाश घेतले, तरी वर्णपटातील काही रंग त्यांच्या मिश्रणाने जुळत नाहीत. एखाद्या प्रकाशाचे प्रमाण ऋण धरावे लागते. इंग्लंडमध्ये राइट यांनी १० व गिल्ड यांनी ७ निरीक्षकांवर प्रयोग करून ही प्रमाणे मोजली. अवघ्या सतरा जणांच्या दृष्टीवर जगाचे रंगमापन उभे राहिले, हे नवलच म्हणावे लागेल. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये तीन काल्पनिक मूलवर्ण योजून ऋण प्रमाणे टाळली व आजची आकृती सिद्ध झाली.

तिचा आकार घोड्याच्या नालासारखा असतो. वक्र कडेवर एकेका तरंगलांबीचे शुद्ध रंग, मध्यभागी पांढरा आणि दोन टोके जोडणाऱ्या सरळ रेषेवर वर्णपटात नसलेले किरमिजी-जांभळे रंग येतात. दोन प्रकाशांचे मिश्रण त्यांच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवरच पडते. म्हणून तीन मूलवर्णांच्या पडद्यावर त्या तिघांच्या त्रिकोणातीलच रंग मिळतात. १९९६ मध्ये मांडलेल्या ‘एसआरजीबी’ या प्रचलित मानकाचा त्रिकोण आकृतीचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापतो. ही तुलना काहीशी फसवी आहे; कारण मॅकॲडम यांनी १९४२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, हिरव्या भागात बरेच अंतर पडले तरी डोळ्याला फरक जाणवत नाही, तर निळ्या भागात तो थोड्या अंतरानेही जाणवतो. तथापि काही गडद फिरोजी छटा खरोखरच त्रिकोणाबाहेर राहतात व पडद्यावर त्यांच्या जागी जवळचा फिका रंग दिसतो. पडद्यावर रंगवून दाखविलेली वर्णता आकृतीसुद्धा त्रिकोणाबाहेर खोटीच असते.

तपकिरी रंगाला या आकृतीत वेगळे स्थान नाही. तो मंद तेजस्वितेचा नारिंगीच होय. शिवाय कापडाचा बिंदू त्यावर पडणाऱ्या उजेडाप्रमाणे सरकतो. भिन्न रंजकद्रव्यांनी रंगविलेले दोन ताके दिवसाच्या उजेडात एकाच बिंदूवर येऊनही नळीदिव्याखाली वेगळे दिसू शकतात.