गौतम राजाध्यक्ष यांची व्यक्तिछायाचित्रे : जीवन, कलादृष्टी आणि प्रादेशिक इतिहासलेखनातील त्यांचे महत्त्व

सारांश

गौतम राजाध्यक्ष (1950–2011) हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील अग्रगण्य मराठी व्यक्तिछायाचित्रकार होत. प्रस्तुत निबंधात त्यांच्या जीवनाचा थोडक्यात परिचय करून देऊन त्यांच्या कलादृष्टीची चिकित्सा केली आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशातील माणसांची वसाहतकालीन छायाचित्रे आणि राजाध्यक्ष यांची छायाचित्रे यांची तुलना करून, छायाचित्रातील व्यक्तीचे नाव व तिची संमती हे इतिहास-साधनाच्या मूल्यमापनाचे निकष ठरतात, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : व्यक्तिछायाचित्र, गौतम राजाध्यक्ष, वसाहतकालीन छायाचित्रण, माडिया गोंड, संमती.

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, दफ्तरे यांचा विचार प्रथम केला जातो. छायाचित्राला मात्र आपल्याकडे बहुधा मजकुराची शोभा वाढविणारी वस्तू एवढेच स्थान मिळते. वस्तुतः छायाचित्र हाही एक दस्तऐवजच आहे. तो कोणी, कोणासाठी, कोणत्या हेतूने तयार केला, हे प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत. व्यक्तिछायाचित्राच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. समोर बसलेल्या माणसाचा त्या चित्रावर कितपत अधिकार होता? या प्रश्नाच्या अनुषंगाने राजाध्यक्ष यांच्या कार्याकडे पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

पश्चिम भारतात छायाचित्रणाचा प्रसार फार लवकर झाला. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्ग सुरू झाला. या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक होत. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांनीही या कलेत नाव मिळविले. याच काळात विल्यम जॉन्सन याने मुंबईतील विविध जातिजमातींची छायाचित्रे घेतली आणि ती 1863 व 1866 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सरकारी प्रकल्प पूर्ण झाला.

अशा प्रकारे आरंभापासूनच दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. एका प्रवाहात पैसे देऊन स्वतःची तसबीर काढून घेणारा प्रतिष्ठित माणूस होता. दुसऱ्या प्रवाहात जातीचा वा जमातीचा ‘नमुना’ म्हणून उभा केलेला माणूस होता. पहिल्याला नाव होते, दुसऱ्याला बहुधा नव्हते.

आपला प्रदेश प्रामुख्याने दुसऱ्या प्रवाहात आला. तत्कालीन चांदा जिल्हा मध्य प्रांतात मोडत असे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा 1982 साली अस्तित्वात आला. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ 1916 मध्ये प्रसिद्ध झाला. आजही तो आपल्या अभ्यासकांचा आधारग्रंथ आहे. त्यातील गोंडांविषयीच्या प्रकरणात प्रवासाला निघालेले गोंड, पायांवरील गोंदण दाखविणाऱ्या स्त्रिया, नृत्याच्या वेशातील माडिया गोंड अशी छायाचित्रे आढळतात. त्यांतून वेश दिसतो, गोंदण दिसते, दागिने दिसतात. परंतु त्या स्त्रीचे नाव काय, गाव कोणते, हे चित्राखालील ओळ सांगत नाही. माहितीच्या दृष्टीने ही चित्रे मोलाची आहेत, यात शंका नाही. तथापि, त्यांत माणूस हा साधन आहे, साध्य नाही.

जीवनपरिचय

गौतम राजाध्यक्ष यांचा जन्म 16 सप्टेंबर 1950 रोजी मुंबईत झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी रसायनशास्त्राची पदवी संपादन केली आणि काही काळ तेथेच अध्यापनही केले. त्या काळी छायाचित्रण ही चांदीच्या क्षारांवर प्रकाशाच्या होणाऱ्या क्रियेची, म्हणजे मूलतः रसायनशास्त्राचीच, कला होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

1974 मध्ये त्यांनी लिंटास या जाहिरात संस्थेच्या छायाचित्र विभागात प्रवेश केला. 1980 च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम आदी अभिनेत्रींची छायाचित्रे त्यांनी घेतली आणि व्यक्तिछायाचित्रकार म्हणून त्यांची ओळख होऊ लागली. त्यांच्या चुलत भगिनी शोभा डे या नियतकालिकांच्या क्षेत्रात संपादक म्हणून स्थिरावलेल्या होत्या. चित्रपटविषयक व अन्य इंग्रजी मासिकांच्या वाढत्या खपाचा तो काळ होता. रंगीत मुखपृष्ठाला महत्त्व आले होते आणि चांगल्या चेहराचित्राला मागणी होती. 1987 मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ या व्यवसायात आले.

त्यांचे कार्य केवळ कॅमेऱ्यापुरते मर्यादित राहिले नाही. ‘चंदेरी’ या मराठी नियतकालिकाचे त्यांनी संपादन केले. ‘बेखुदी’ (1992) व ‘अंजाम’ (1994) या हिंदी चित्रपटांच्या लेखनाशीही ते संबंधित होते. 1997 साली त्यांचा ‘फेसेस’ हा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंत हिंदी चित्रपटसृष्टीतील अनेक पिढ्यांचे चेहरे त्यात एकत्र आले आहेत. 13 सप्टेंबर 2011 रोजी, एकसष्टावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले.

कलादृष्टी

राजाध्यक्ष यांच्या छायाचित्रांचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे चेहऱ्याला दिलेले प्राधान्य. पार्श्वभूमी बहुधा साधी असते, वस्तूंची गर्दी नसते, प्रकाश मृदू असतो. पाहणाऱ्याची नजर प्रथम डोळ्यांकडे जाते. वसाहतकालीन चित्रात नेमके याच्या उलट घडते. तेथे वेश व अलंकार बोलतात, डोळे गप्प असतात.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे समोरच्या व्यक्तीशी जोडलेला विश्वासाचा संबंध. अभिनेत्याला कॅमेऱ्याची सवय असते हे खरे. पण भूमिकेच्या आड लपण्याचीही सवय असते. ती आड दूर व्हावयाची तर आधी संवाद घडावा लागतो. चित्रपटसृष्टीतील माणसांशी राजाध्यक्ष यांचा वर्षानुवर्षांचा स्नेह होता आणि त्या माणसांविषयी ते लिहीतही असत. छायाचित्रकार आणि लेखक या दोन भूमिका त्यांच्या ठायी परस्परपूरक झाल्या होत्या. ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याला जाणून घेणे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा म्हणता येईल.

तिसरे वैशिष्ट्य वादाचा विषय होऊ शकते. त्यांची छायाचित्रे व्यक्तीला सुंदर करून दाखवितात. थकवा, वार्धक्य, विफलता यांना त्यांत क्वचितच जागा मिळते. वास्तववादाच्या कसोटीवर ही मर्यादा मान्य करावी लागते. मासिक, जाहिरात आणि तारांकित प्रतिमा यांच्या अर्थव्यवहारातून ही शैली घडली, हेही विसरून चालणार नाही.

चर्चा

तथापि, या मर्यादेतच एक महत्त्वाचे तथ्य दडलेले आहे. राजाध्यक्ष यांच्यासमोर बसणारी व्यक्ती नकार देऊ शकत होती. आपण कसे दिसावे, याविषयी तिचे मत होते आणि ते विचारात घ्यावे लागत असे. नृत्याच्या वेशात उभ्या केलेल्या माडिया माणसाला हा अधिकार होता असे मानण्यास आधार दिसत नाही. या दोन चित्रांतील फरक केवळ छायाचित्रकाराच्या सहृदयतेचा नाही. तो सत्तासंबंधांचा आहे. प्रतिष्ठा असलेल्या माणसाला आपली प्रतिमा घडविता येते. प्रतिष्ठा नाकारलेल्या माणसाची प्रतिमा दुसराच कोणी घडवितो आणि कालांतराने तीच त्या समाजाची ओळख होऊन बसते.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. माडिया गोंड ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात आहे. भामरागड, एटापल्ली या तालुक्यांत आज अभ्यासक, पत्रकार, पर्यटक आणि आपल्याच महाविद्यालयांतील विद्यार्थी मोबाईल घेऊन जातात. प्रकल्प-अहवालात ‘आदिवासी स्त्री’, ‘माडिया वृद्ध’ अशा ओळी लिहून छायाचित्रे चिकटविली जातात. 1916 च्या ग्रंथातील दोष आपण वसाहतवादाच्या पदरात टाकतो. पण त्याच पद्धतीने आपणही लिहीत असू, तर तो दोष आपलाही ठरतो.

राजाध्यक्ष या वनप्रदेशाचे चित्रकार नव्हते. त्यांचे विश्व महानगरी आणि संपन्न होते. त्यामुळे त्यांची शैली येथे जशीच्या तशी आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घेण्यासारखी आहे ती त्यांची पद्धत. आधी ओळख, मग संवाद, मग चित्र. आणि चित्राखाली माणसाचे नाव. चित्रपटतारकेला जो आदर सहज मिळतो, तोच आदर तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या स्त्रीला मिळावा, एवढीच ही अपेक्षा आहे. अर्थात, नाव देणे हेही त्या व्यक्तीच्या इच्छेनेच व्हावे. नाव न छापण्याचा तिचा निर्णयही तितकाच मानला पाहिजे.

निष्कर्ष

1. गौतम राजाध्यक्ष यांनी व्यक्तिछायाचित्रात वेश व वस्तूंपेक्षा चेहऱ्याला आणि तांत्रिक करामतीपेक्षा परस्पर विश्वासाला महत्त्व दिले.

2. त्यांच्या छायाचित्रांतील सौंदर्यीकरण ही मर्यादा असली, तरी समोरच्या व्यक्तीचा तिच्या प्रतिमेवरील अधिकार त्यातून स्पष्ट होतो.

3. चंद्रपूर–गडचिरोली प्रदेशाच्या वसाहतकालीन छायाचित्रांचा साधन म्हणून उपयोग करताना त्यांतील अनामिकतेची नोंद अभ्यासकाने अवश्य करावी.

4. महाविद्यालयीन क्षेत्रकार्यात छायाचित्र घेण्यापूर्वी व्यक्तीच्या भाषेत संमती घ्यावी, तिच्या इच्छेनुसार नाव, गाव व दिनांक नोंदवावा आणि चित्राची एक प्रत तिला परत द्यावी.

शंभर वर्षांनंतर कोणी अभ्यासक आपले अहवाल उघडील, तेव्हा त्याला जमातीचे नमुने नव्हे, तर माणसे भेटावीत. प्रादेशिक इतिहासलेखनाची ही किमान जबाबदारी आहे.