याखिमोव्ह

याखिमोव्ह (जर्मन नाव: सांक्ट योआखिमस्टाल) हे चेक प्रजासत्ताकाच्या कार्लोव्ही व्हारी प्रांतातील एक छोटे शहर आहे. रेडॉनयुक्त औषधी पाण्याचे आरोग्यस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकात येथे चांदीच्या मोठ्या खाणी होत्या. ‘डॉलर’ या शब्दाचा उगम याच शहराच्या नावात आहे. मारी आणि पिएर क्युरी यांनी येथील खनिजातून पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये शोधून काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर येथील युरेनियमच्या खाणींत राजकीय कैद्यांकडून सक्तीने काम करून घेण्यात आले. शहराची लोकसंख्या आज अडीच हजारांच्या आसपास आहे.

भूगोल

याखिमोव्ह हे चेक-जर्मन सीमेजवळ, क्रुश्ने होरी (जर्मन: एर्झगेबिर्ग, म्हणजे ‘धातुकांचे डोंगर’) या पर्वतरांगेत, एका अरुंद दरीत वसले आहे. दरीच्या उतारामुळे शहराची वस्ती एका लांबट पट्ट्यात पसरली आहे. या पर्वतरांगेतील सर्वोच्च शिखर क्लिनोव्हेत्स (१,२४४ मीटर) शहराजवळच आहे. कार्लोव्ही व्हारी हे मोठे आरोग्यस्थान येथून दक्षिणेस आहे.

नाव

जर्मन भाषेत ‘टाल’ म्हणजे दरी. ‘योआखिमस्टाल’ याचा अर्थ ‘संत योआखिम यांची दरी’ असा होतो. ख्रिस्ती परंपरेनुसार योआखिम हे येशूची माता मेरी हिचे वडील होत. ‘याखिमोव्ह’ हे त्याच नावाचे चेक रूप आहे.

इतिहास

चांदी आणि टालर

सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या दरीत चांदीचे विपुल साठे सापडले. श्लिक घराण्यातील सरदार श्टेपान श्लिक यांनी १५१६ मध्ये येथे खाणकामगारांची वसाहत स्थापन केली. १५२० मध्ये बोहेमियाचा राजा लुई याने तिला मुक्त राजकीय खाणनगरीचा दर्जा दिला. चांदीच्या ओढीने सॅक्सनी व इतर जर्मन प्रदेशांतून लोक येथे येऊ लागले. १५३० च्या दशकात शहराची लोकसंख्या सुमारे १८,००० झाली होती. बोहेमियात त्या काळी प्राग वगळता एवढे मोठे शहर दुसरे नव्हते. वाढत्या वस्तीबरोबर असंतोषही वाढला आणि १५२५ मध्ये खाणकामगारांनी उठाव केला.

श्लिक सरदारांनी आपल्या टाकसाळीत मोठ्या आकाराची चांदीची नाणी पाडण्यास सुरुवात केली. त्यांच्या एका बाजूस संत योआखिम यांची प्रतिमा, तर दुसऱ्या बाजूस बोहेमियाचा सिंह असे. या नाण्यांना ‘योआखिमस्टालर’ व पुढे संक्षेपाने ‘टालर’ म्हणू लागले. डच भाषेत त्याचे ‘डाल्डर’ आणि इंग्लिशमध्ये ‘डॉलर’ असे रूपांतर झाले. १७९२ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी डॉलर हे अधिकृत चलन म्हणून स्वीकारले.

श्टेपान श्लिक १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत मारले गेले. त्यानंतर राजा पहिला फर्डिनांड याने १५२८ मध्ये टाकसाळ आपल्या ताब्यात घेतली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या थरांतील चांदी संपत आली. अमेरिका खंडातून स्वस्त चांदी युरोपात येऊ लागल्याने खोल खाणी परवडेनाशा झाल्या. तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात प्रॉटेस्टंट पंथावर बंदी आली आणि अनेक कुटुंबे सॅक्सनीत निघून गेली. १६७१ मध्ये टाकसाळ बंद पडली.

विद्या आणि धर्म

खनिजशास्त्राचा आद्य अभ्यासक गेओर्गियुस आग्रिकोला हा १५२७ पासून काही वर्षे या शहराचा वैद्य होता. येथील खाणी, भट्ट्या व कामगारांचे आजार यांचे त्याने जवळून निरीक्षण केले. त्याचा ‘दे रे मेतालिका’ हा खाणकाम व धातुविद्येवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५६ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्टिन ल्यूथर यांचे शिष्य योहान्नेस माथेसियुस येथे आधी शिक्षक व नंतर धर्मगुरू होते. येथील लॅटिन शाळेच्या ग्रंथालयातील अनेक जुने ग्रंथ आजही जतन केलेले आहेत.

युरेनियम आणि रेडियम

चांदीच्या खाणींत एक काळे, जड खनिज आढळत असे. ते निरुपयोगी मानून कामगार फेकून देत. हेच पिचब्लेंड होय. १७८९ मध्ये मार्टिन क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिचब्लेंडमध्ये युरेनियम असल्याचे दाखवले. एकोणिसाव्या शतकात याखिमोव्हमध्ये युरेनियमपासून काच व चिनी मातीच्या भांड्यांसाठी रंग तयार करण्याचा कारखाना निघाला.

युरेनियमच्या प्रमाणावरून अपेक्षित असलेल्या किरणोत्सारापेक्षा पिचब्लेंडचा किरणोत्सार कितीतरी अधिक आहे, हे मारी क्युरी यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यात एखादे अज्ञात मूलद्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने पोलोनियम व रेडियम यांचा शोध जाहीर केला. पुढील कामासाठी ऑस्ट्रियन सरकारने त्यांना याखिमोव्हच्या कारखान्यातील काही टन टाकाऊ अवशेष दिले. त्यापासून १९०२ पर्यंत त्यांना सुमारे ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड वेगळे करता आले. मारी क्युरी यांनी १९२५ मध्ये याखिमोव्हला भेट दिली.

खाणकामगारांना जडणारा फुप्फुसांचा आजार या परिसरात शतकानुशतके ‘डोंगराचा रोग’ म्हणून ओळखला जाई. तो बहुतांशी फुप्फुसांचा कर्करोग होता, आणि खाणीतील हवेत साठणारा रेडॉन वायू व त्याच्या विघटनातून निर्माण होणारे कण हे त्याचे कारण होते, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले.

श्रमछावण्या

१९३८ च्या म्युनिक करारानंतर हा प्रदेश नाझी जर्मनीत सामील करण्यात आला. युद्धानंतर येथील बहुसंख्य जर्मन भाषकांना देशाबाहेर घालवण्यात आले. नोव्हेंबर १९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकिया व सोव्हिएत संघ यांच्यात युरेनियमविषयी गुप्त करार झाला. त्यानुसार येथील युरेनियम सोव्हिएत अणुकार्यक्रमासाठी जाऊ लागले.

आरंभी खाणींत जर्मन युद्धकैदी होते. कम्युनिस्ट सत्ता आल्यावर १९४९ पासून राजकीय कैदी आणले गेले. त्यांत शेतकरी, सैनिक, धर्मगुरू, विद्यार्थी आणि १९५० मध्ये अटक झालेले राष्ट्रीय आइस हॉकी संघाचे काही खेळाडूही होते. स्व्होर्नोस्त, रोव्हनोस्त व ब्रात्रस्त्व्ही या छावण्यांच्या नावांचे अर्थ अनुक्रमे एकोपा, समता व बंधुता असे आहेत. छावणीतून खाणीकडे नेताना कैद्यांच्या जमावाभोवती पोलादी दोर आवळला जाई. या प्रकाराला कैदी ‘रशियन बस’ म्हणत. किरणोत्सारी धुळीपासून त्यांना पुरेसे संरक्षण नव्हते. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथील युरेनियमचे उत्खनन थांबले.

आरोग्यस्थान

येथील खाणीतल्या किरणोत्सारी पाण्याचा उपचारासाठी वापर १९०६ मध्ये सुरू झाला. जगातील पहिले रेडॉन आरोग्यस्थान म्हणून याखिमोव्हचा उल्लेख केला जातो. आजही स्व्होर्नोस्त खाणीतून, सुमारे ५०० मीटर खोलीवरून, हे पाणी नळाने स्नानगृहांपर्यंत आणले जाते. तेथील झऱ्यांना क्युरी, आग्रिकोला व चेक भौतिकशास्त्रज्ञ बेहोउनेक यांची नावे आहेत. रेडॉनचा अर्धायुकाल सुमारे ३.८ दिवस असल्याने पाणी फार काळ साठवून ठेवता येत नाही. संधिवात, मणक्याचे विकार व तत्सम दुखण्यांवर वैद्यकीय देखरेखीखाली, मोजक्या वेळेची स्नाने दिली जातात. मात्र रेडॉनचा दीर्घकाळ श्वसन-संपर्क फुप्फुसांच्या कर्करोगास कारणीभूत ठरतो, त्यामुळे या उपचारपद्धतीविषयी वैद्यकीय जगतात मतभेद आहेत.

प्रेक्षणीय स्थळे

* राजकीय टाकसाळ: सोळाव्या शतकातील इमारत. येथे आता नाणी, खाणकाम व शहराचा इतिहास यांचे संग्रहालय आहे.
* संत योआखिम चर्च: १५३४ ते १५४० या काळात बांधलेले, बोहेमियातील आरंभीचे ल्यूथरपंथी चर्च. १८७३ च्या भीषण आगीत ते जळाले व नंतर पुन्हा बांधण्यात आले.
* सर्व संतांचे चर्च: जुन्या रुग्णालयाचे, शहराच्या स्थापनेच्या काळातील चर्च.
* फ्रॉयडेनश्टाइन किल्ला: श्लिक घराण्याचा किल्ला. तीस वर्षांच्या युद्धात तो उद्ध्वस्त झाला. आज केवळ बुरूज उरले आहेत.
* रेडियम पॅलेस: १९१२ मध्ये सुरू झालेले, नवअभिजात शैलीतील भव्य आरोग्य-हॉटेल.
* बोगदा क्रमांक १: पर्यटकांसाठी खुला असलेला खाणीचा बोगदा. छावणीतील जीवनाची माहिती येथे दिली जाते.
* मृत्यूचा लाल मनोरा: शहराच्या दक्षिणेस, ओस्त्रोव्ह गावाजवळील विकमानोव्ह येथील विटांची इमारत. येथे कैदी युरेनियमचे खनिज फोडून पिंपांत भरत असत.

जागतिक वारसा

२०१९ मध्ये युनेस्कोने ‘एर्झगेबिर्ग/क्रुश्नोहोरी खाणप्रदेश’ जागतिक वारसा यादीत समाविष्ट केला. त्यातील २२ स्थळांपैकी १७ जर्मनीत, तर ५ चेक प्रजासत्ताकात आहेत. याखिमोव्हचा खाणपरिसर आणि मृत्यूचा लाल मनोरा ही त्यांपैकी दोन स्वतंत्र स्थळे होत. श्रमछावण्यांतील बळींच्या स्मरणार्थ शहरात दरवर्षी सभा भरते.