‘चिहो’ आणि ‘निन्चिशो’ : एका संज्ञांतराचा इतिहास

नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही, असे सामान्यतः मानले जाते. परंतु एखाद्या विकाराचे नावच रोग्याला वैद्याकडे जाण्यापासून परावृत्त करीत असेल, तर त्या नावाचा विचार केवळ कोशकारापुरता राहत नाही. अल्झायमरच्या रोगामुळे व तत्सम कारणांनी उद्भवणाऱ्या स्मृतिभ्रंशास जपानी भाषेत २००४ पर्यंत ‘चिहो’ ही शासकीय व वैद्यकीय संज्ञा होती. ती का सोडावी लागली, हे पाहणे उद्बोधक आहे.

‘चिहो’ हा शब्द दोन चिन्हांचा आहे. पैकी ‘चि’ म्हणजे मूढ. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत राग, द्वेष व मोह या त्रयीतील मोहासाठी हेच चिन्ह योजलेले आढळते. ‘हो’ म्हणजे भांबावलेला, बावळट. अर्थात रोगाच्या नावातच रोग्यावर मूर्खपणाचा शिक्का होता. आपल्याकडील ‘म्हातारचळ’ हा शब्द याच जातीचा होय.

तथापि शब्दाच्या आधी प्रश्न उभा राहिला तो शुश्रूषेचा. १९६३ साली जपानात वृद्धकल्याणाचा कायदा झाला, पण घरातील भ्रमिष्ट वृद्धाचा भार प्रायः सुनेवरच राहिला. सावाको आरियोशी यांच्या १९७२ च्या कादंबरीने हेच चित्र लक्षावधी वाचकांपुढे ठेवले. १९८० साली क्योतो येथे अशा रोग्यांच्या कुटुंबीयांनी स्वतःची संघटना स्थापन केली. पुढे १९९७ साली दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचा कायदा संमत होऊन एप्रिल २००० पासून अमलात आला. चाळिशीपुढील प्रत्येकाने वर्गणी द्यावी आणि सेवांच्या खर्चाचा, लाभार्थीचा स्वतःचा वाटा वगळून, निम्मा भाग सार्वजनिक निधीतून यावा, अशी ही योजना आहे. जर्मनीप्रमाणे कुटुंबीयांना रोख भत्ता द्यावा की नाही, यावर तेथे वाद झाला. भत्त्यामुळे सून घरातच अधिक जखडली जाईल, असा आक्षेप स्त्रियांच्या संघटनांनी घेतला. अखेर रोख रकमेऐवजी सेवा देण्याचे ठरले.

येथेच संज्ञेचा प्रश्न व्यवहाराचा झाला. विम्याची सेवा मागितल्याशिवाय मिळत नाही; त्यासाठी अर्ज करावा लागतो, घरी येणाऱ्या तपासनिसाला स्थिती सांगावी लागते, वैद्याचे मत घ्यावे लागते. जो शब्द उच्चारताना लाज वाटते, त्याच्या आधारे हक्क मागणे कठीण असते. डिसेंबर २००४ मध्ये आरोग्य मंत्रालयाच्या समितीने ‘चिहो’ हा शब्द अवमानकारक, अयथार्थ आणि लवकर निदानास बाधक ठरवला व ‘निन्चिशो’ हा पर्याय सुचवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्योतो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत एका जपानी रोग्याने स्वतःच्या नावानिशी आपला अनुभव सांगितला होता. २००५ मध्ये विमा कायद्यातही नवी संज्ञा आली.

‘निन्चि’ म्हणजे बोध, ‘शो’ हा विकारवाचक घटक. बोध हाच विकार कसा, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञांनी घेतला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो रास्त आहे. पण संज्ञेचे हे अपुरेपणच तिच्या उपयोगी पडले, असे मला वाटते. ती रोग्याविषयी कोणताही निवाडा देत नाही. अर्थात कोणताही सौम्य शब्द कायम सौम्य राहत नाही. बोलीत ‘निन्चि’ असे तोडलेले रूप आज हेटाळणीनेही वापरले जाते. म्हणून शब्दामागे व्यवस्था हवी. २००५ पासून नागरिकांना या विकाराची ओळख करून देणारे सुमारे दीड तासाचे वर्ग चालतात. बँकेतील कर्मचाऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत एक कोटीहून अधिक लोकांनी ते पूर्ण केले आहेत. स्मृतिभ्रंशविषयक मूलभूत कायदाही २०२३ साली संमत होऊन १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला.

मराठीची स्थिती नेमकी उलट आहे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोध व संमोह यांनंतर येतो, म्हणजे तेथे तो नैतिक अधःपाताची एक पायरी आहे. आधुनिक वैद्यकीय वापरात ही छटा गळून पडली. निर्दोष संज्ञा आपल्यापाशी आहे. परंतु ती उच्चारून ज्या दारावर जावे, असा सार्वजनिक शुश्रूषा विमा भारतात नाही. जपानात व्यवस्था आधी आली व तिने शब्द बदलायला लावला. आपल्याकडे शब्द सिद्ध आहे, आणि शुश्रूषा अद्याप घरातल्या एकाच माणसावर सोपवलेली आहे.