शेवंती : काश्या मेपर्यंत लावा, तरच सणाला भरपूर फुलं

दसरा-दिवाळीला नांदेड, लातूरच्या बाजारात शेवंतीला मागणी असते. सूर्यफुलाच्या कुळातलं हे बहुवर्षायू झाड. दिवस लहान होऊ लागले की त्याला कळ्या धरतात. लागवड लांबली, तर झाड पुरतं वाढायच्या आतच कळ्या येतात अन् फुलं कमी मिळतात. म्हणून काश्या, म्हणजे बुडातून फुटलेली रोपं, एप्रिल-मेमध्ये लावावीत. विहिरीला उन्हाळ्यात पाणी असेल तेवढंच क्षेत्र धरावं. साधारण चार आठवड्यांनी शेंडे खुडले की फुटवे वाढतात. काळ्या भारी रानात पाणी साचलं तर मुळं कुजतात. तिथं सरी-वरंब्यावर लावून पाण्याला वाट काढून द्यावी. तोडणी संपल्यावर झाडं जमिनीलगत छाटावीत. निरोगी झाडांच्या नव्या काश्या हेच पुढच्या हंगामाचं बियाणं.