अहिल्यानगर शहर : प्रसिद्ध वस्त्या व वास्तू

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) : महाराष्ट्रातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९४ मध्ये ते सीना नदीच्या डाव्या तीरावर वसविले. बोलीत ते नुसते ‘नगर’. जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांचे नाव त्याला २०२४ मध्ये देण्यात आले.

जुनी वस्ती : माळीवाडा व दिल्ली दरवाजा या वेशी अजून उभ्या आहेत. माळीवाड्यातील विशाल गणपती हे शहराचे ग्रामदैवत. कापड बाजार, गंजबाजार व चितळे रस्ता येथे मुख्य बाजारपेठ असून नालेगाव, तोफखाना, झेंडीगेट व सर्जेपुरा हे जुने भाग होत.

भुईकोट किल्ला : शहराच्या पूर्वेस. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात मूळच्या मातीच्या कोटाच्या जागी दगडी तट बांधला. सपाटीवरील या किल्ल्याची मदार रुंद खंदकावर होती. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने तो मोगलांविरुद्ध झुंजविला. १६०० मध्ये तो पडला. १८०३ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. १९४२ च्या लढ्यात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते येथे स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ व मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ येथेच लिहिले.

बागा, कबरी व पाणी : पर्जन्यछायेतील या शहराला निजामशाहीत खापरी नळांनी दूरवरून पाणी आणले जाई. त्या सोयीमुळेच येथे बागा फुलल्या. फराहबागेतील अष्टकोनी महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. तो तलावाच्या मध्यभागी होता. आज तलाव कोरडा असून महालाची पडझड झाली आहे. बागरोझा येथे मलिक अहमदाची कबर आहे. दमडी मशीद (१५६७) कोरीव दगडकामासाठी प्रसिद्ध आहे. शहराच्या पूर्वेस डोंगरावरील तिमजली वास्तूला लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे.

भिंगार व नवी उपनगरे : भिंगारजवळ १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला. भिंगार हे पुढे लष्करी छावणीचे ठिकाण बनले. लष्कराचे रणगाडा संग्रहालय शहरालगत आहे. सावेडी व केडगाव ही वाढती उपनगरे. दक्षिणेस अरणगावजवळील मेहेराबाद येथे मेहेरबाबांची समाधी आहे.

नगरच्या वास्तू एकमेकींपासून दूर विखुरल्या असल्या, तरी खंदक, तलाव व नळ यांची व्यवस्था त्यांना जोडणारी होती. म्हणून जतन करताना इमारतींबरोबर या जलव्यवस्थेच्या खुणाही राखणे आवश्यक आहे.