संप्रेरकबाधक प्रदूषके व गोड्या पाण्यातील मासे

शरीरातील संप्रेरकांची (हॉर्मोनांची) नक्कल करणाऱ्या किंवा त्यांच्या कामात अडथळा आणणाऱ्या रसायनांना संप्रेरकबाधक प्रदूषके म्हणतात. माशांवर सर्वाधिक अभ्यास झाला तो इस्ट्रोजेनसारखी वागणाऱ्या द्रव्यांचा : माणसाच्या मूत्रातून येणारी इस्ट्रोन व इस्ट्राडायॉल, गर्भनिरोधक गोळीतील एथिनिलइस्ट्राडायॉल आणि औद्योगिक डिटर्जंटांच्या विघटनातून उरणारे नॉनिलफिनॉल. मूत्रातील इस्ट्रोजेने बहुतांशी निष्क्रिय रूपात बाहेर पडतात. मैलापाण्यातील जिवाणू त्यांना पुन्हा सक्रिय करतात. त्यामुळे सगळा दोष गोळीच्या माथी मारणे बरोबर नाही.

पहिली खूण यकृतात उमटते. अंड्यातील पीतकासाठी लागणारे व्हायटेलोजेनिन हे प्रथिन मादीच्या यकृतात तयार होते. नरातही त्याचे जनुक असते, पण एरवी ते जवळपास निद्रिस्त राहते. इस्ट्रोजेन पोहोचले की नराचे यकृतही हे प्रथिन रक्तात सोडू लागते. ते साठवायला नराकडे अंडी नसतात. अतिरिक्त प्रथिनाचा भार मूत्रपिंडावर पडून त्याच्या ऊतींना इजा होते.

वृषणातील बदल अधिक गाजले. इंग्लंडमधील नद्यांतल्या रोच या, रोहूच्या नात्यातल्या माशांची तपासणी सुझन जॉब्लिंग, जॉन सम्प्टर आदींनी 1998 मध्ये प्रसिद्ध केली. वृषणाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की शुक्रपेशींच्या दाटीत मधेच मोठ्या, गोल अंडपेशी दिसत. अशा आंतरलिंगी नरांचे प्रमाण मैलापाणी केंद्रांच्या खालच्या अंगाला अधिक होते. काही ठिकाणी तर तपासलेले सगळेच नर तसे निघाले. काहींत शुक्रवाहिनीच्या जागी अंडाशयासारखी पोकळी होती. गंभीर विकृतीत शुक्राणू कमी बनतात किंवा बाहेरच पडू शकत नाहीत.

मासा यात लगेच मरत नाही, म्हणूनच केवळ मेलेले मासे मोजणाऱ्या चाचण्यांतून हा प्रकार निसटतो. कॅनडातील ऑन्टॅरिओत कॅरन किड यांच्या गटाने 2001 ते 2003 या काळात एका प्रायोगिक सरोवरात एथिनिलइस्ट्राडायॉल सोडले. प्रमाण लिटरमागे अवघे 5 ते 6 नॅनोग्रॅम होते. फॅटहेड मिनो या अल्पायुषी माशाच्या नरांत व्हायटेलोजेनिन वाढले, वृषणांची वाढ खुंटली, नवी पिले येईनाशी झाली आणि सरोवरातून ही जात जवळजवळ नाहीशी झाली. रसायन सोडणे थांबवल्यावर काही वर्षांनी मिनो पुन्हा वाढले.