लीगच्या नकाशाबाहेरचे नांदेड

पौष शुद्ध सप्तमी ही गुरू गोबिंदसिंघजींची जयंती. त्या सुमारास नांदेडात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबला देशभरातून यात्रेकरू येतात आणि खालसा हायस्कूलच्या मैदानावर हॉकी रंगते. गुरूंच्या नावाने भरणारी अखिल भारतीय गोल्ड आणि सिल्व्हर कप स्पर्धा या शहराने अनेक दशके जपली आहे. सैन्यदलांचे, रेल्वेचे, पोलिसांचे संघ येतात, पंजाबातली पोरे येतात, आणि मराठी, पंजाबी, उर्दू, तेलुगू बोलणारे प्रेक्षक मैदानाच्या कडेने दाटीने बसतात.

गोदावरीकाठच्या या गावात हॉकी कशी रुजली, हे गावाच्या घडणीतच दिसते. १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंघजींनी इथे देह ठेवला. पुढे महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकाराने १८३२ ते १८३७ या काळात आजच्या गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली. उत्तरेतून आलेली शीख कुटुंबे निजामाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहून दख्खनी झाली. ब्रिटिशांच्या छावण्यांमधून देशभर पसरलेला हॉकीचा खेळ पंजाबने आणि शीख पलटणींनी आपला मानला होता. नांदेडच्या शिखांनाही तो जवळचा वाटला आणि गुरुपर्वाच्या निमित्ताने साऱ्या शहराचा झाला.

भारतीय हॉकी मुळात अशा स्पर्धांवरच वाढली. कलकत्त्याचा बेटन कप १८९५ चा, मुंबईचा आगाखान कप त्यानंतर वर्षभराने आलेला. खेळाडूला पगार द्यायचा तो रेल्वे, कस्टम्स, पोलीस नाहीतर पलटण. संघ गाडीने यायचा, हरला की परतायचा, जिंकला की कप घेऊन जायचा. तो कुठल्या शहराचा, हे कुणी विचारत नसे. शहराचे नाव स्पर्धेला होते, संघाला कचेरीचे.

व्यावसायिक लीगने हे गणित उलटे केले. आता शहराचे नाव संघाच्या छातीवर आले, मालक आला, आणि मालक गेला की संघही जाऊ लागला.

२००५ च्या जानेवारीत प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. हैदराबाद सुलतान्स, शेर-ए-जालंधर, चेन्नई वीरन्स अशा नावांच्या रांगेत मराठा वॉरियर्सही होते. नाव मराठ्यांचे, पण पहिला हंगाम खेळला गेला हैदराबादच्या गचिबौली मैदानावर आणि जिंकलाही हैदराबादनेच. नांदेडकरांच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. १९४८ पर्यंत नांदेड हैदराबाद संस्थानात होते, आजही त्याचा रेल्वे विभाग सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत आहे, आणि मुंबईच्या जवळपास निम्म्या अंतरावर हैदराबाद लागते. पण मराठा वॉरियर्सचे घर कोणते, हा प्रश्न लीगला कधी पडला नाही. २००८ मध्ये भारत बीजिंग ऑलिंपिकला पात्र ठरला नाही, भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला आणि त्याच वर्षी लीगही संपली.

दुसरा प्रयत्न २०१२ चा. वर्ल्ड सिरीज हॉकीत आठ संघ होते, त्यातले मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स हे दोन महाराष्ट्राचे. २ एप्रिल २०१२ ला मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबने पुण्याला ५-२ असे हरवले. दुसरा हंगाम झालाच नाही. जागतिक महासंघाची मान्यता नसलेल्या या लीगबरोबर पुण्याचा संघही मिटला.

२०१३ ला हॉकी इंडिया लीग आली. मुंबई मॅजिशियन्सच्या चार खेळाडूंसह नऊ पाकिस्तानी खेळाडूंना त्यांच्याविरुद्धच्या आंदोलनानंतर मायदेशी पाठवावे लागले. दोन हंगामांत मॅजिशियन्स गेले, २०१५ पासून त्यांच्या जागी दबंग मुंबई आली. या दबंग मुंबईने २०१७ ला अंतिम फेरी गाठली आणि कलिंगा लान्सर्सकडून ती १-४ अशी हरली. मग सात वर्षे लीग बंदच राहिली.

२०२४ च्या डिसेंबरात लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते: दिल्ली, उत्तर प्रदेश, हैदराबाद, कलिंगा, तमिळनाडू, बंगाल, पंजाब-हरियाणाची सूरमा आणि विशाखापट्टणमची गोनासिका. महाराष्ट्र कुठेच नव्हता. पुढच्याच हंगामात गोनासिकाची जागा रांचीने घेतली, उत्तर प्रदेशच्या मालकांनी अंग काढून घेतले. संघ मिळणे आणि संघ टिकणे यांत किती अंतर आहे, हे विशाखापट्टणमने एका वर्षात पाहिले.

महाराष्ट्रात खेळाडूंची वाण नाही. २६ जानेवारी २०२५ ला रांचीत महिलांच्या पहिल्या लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सने सूरमाला २-१ असे हरवले आणि ओडिशाचे दोन्ही गोल सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा दादासो पिसाळने केले. फलटणच्या मातीत घडलेली मुलगी ओडिशाच्या नावावर लीगचा पहिला करंडक लिहिते, ही अभिमानाची गोष्ट आहेच, पण ती राज्याला बोचायलाही हवी.

नांदेड ज्या मराठवाड्यात येते, तिथे हॉकीचे भवितव्य मात्र मैदानाने आणि पाण्याने ठरते. १९७५ ला भारताने क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकला. वर्षभराने मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फ अंथरली गेली आणि भारत सातवा आला. तेव्हापासून वरच्या दर्जाची हॉकी टर्फवर आली, आणि ही टर्फ सामन्याआधी पाण्याने भिजवावी लागते. मराठवाड्यात पाणी मागणारे मैदान म्हणजे काय, हे २०१६ ने साऱ्या देशाला दाखवले.

त्या वर्षी लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिलला लातूरला पोचली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. पुढे १ मेचा पुण्यातला एक सामना तेवढा होऊ दिला गेला. मुंबई आणि पुणे या दोन्ही संघांनी विशाखापट्टणम हे घर मानले, अंतिम सामना बंगळुरूला गेला. तहानलेल्या मराठवाड्यामुळे कोट्यवधींची उलाढाल असलेले संघ बिऱ्हाड हलवताना दिसले, आणि तो निर्णय योग्यच होता. माणसांच्या हंड्यात पाणी नसताना खेळपट्टी भिजवणे कुणाच्याच मनाला पटले नसते.

म्हणून मराठवाड्यात व्यावसायिक हॉकी आणायची तर पाण्याचा हिशेब आधी मांडावा लागेल. जागतिक महासंघ काही वर्षांपासून पाण्याविना चालणाऱ्या टर्फचा आग्रह धरतो आहे, आणि लातूर-नांदेडसारख्या भागाला तो सर्वांत लागू पडतो. शिवाय लीग महानगरातच रमते, हा समज राउरकेलाने मोडला. पोलाद कारखान्याचे हे शहर भुवनेश्वरपासून लांब आहे, पण भोवतीच्या सुंदरगढ जिल्ह्यातल्या आदिवासी गावांनी हॉकीपटूंच्या पिढ्या दिल्या. ओडिशा सरकारने २०१८ पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले, २०२३ च्या विश्वचषकासाठी राउरकेलात बिरसा मुंडा स्टेडियम उभारले, आणि पुनरुज्जीवित लीगच्या पहिल्या हंगामात पुरुषांचे बहुतेक सामने तिथेच झाले.

नांदेडकडे राउरकेलासारखे स्टेडियम नाही, खाणी-कारखान्यांचा पैसाही नाही. पण ज्या शहरात प्रेक्षक बाहेरच्या संघांना आपले मानून टाळ्या वाजवतात, तिथे लीगला प्रेक्षक जाहिरातीने जमवावे लागणार नाहीत. मालक बदलला की नाव बदलणारा संघ आणण्यापेक्षा नांदेडने आधी टर्फ मागावी, गोल्ड कपच्या आठवड्यात लीगचे दोन-चार सामने मागावेत, आणि लातूर-नांदेडच्या शाळांतून वर्षभर हॉकी खेळणारी मुले-मुली तयार करावीत. ऋतुजा पिसाळसारखी मुलगी उद्या या भागात उभी राहिली, तर तिला खेळायला रांची किंवा राउरकेला गाठावे लागू नये.